मी आंघोळीला गेलो की

आंघोळीहून आलो आणि बघतो तर ज्योत बदललेली. जाताना मी लावून गेलो होतो ती बुडाशी पांढुरकी, शेंड्याला फिकी नारिंगी, पातेल्याच्या बुडाला सगळीकडून सारखी लागणारी. आता गच्च पिवळी, हळदीच्या पाण्यागत. अंगावर ओला टॉवेल, फरशीवर माझ्या पायांचं पाणी, आणि मी भट्टीसमोर उभा. पहिलं मनात आलं ते हेच, की कुणीतरी हात लावला. माणूस आपणहून बदलतं, ज्योत बदलत नसती. शेंद्र्याच्या कंपनीत बॉयलरवर माझी अख्खी जवानी गेली, एवढं तरी मला कळतं. सुलेखा, माझी बायको, ओट्याशी कणिक मळत होती. भाकऱ्या करायला येते ती पारूबाई खाली बसून ज्वारीचं पीठ चाळत होती. दोघींची पाठ माझ्याकडं. दोघी गप. मला वाटलं, मी यायच्या आधी या एवढ्या गप नव्हत्या.

भट्टी म्हणजे पेलेटची चूल. कापसाची पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, सोयाबीनचं भूस दळून, दाबून त्याच्या बारक्या कांड्या करतात, ते पेलेट. आम्ही त्याला दाणाच म्हणतो. वरच्या पत्र्याच्या डब्यात दाणा भरायचा, तो स्क्रूनं सरकत सरकत खालच्या भोकाभोकाच्या लोखंडी भांड्यात पडतो, आणि पंखा त्या भोकांतून वारा मारतो. बटनं दोनच. एक दाण्याचं, एक वाऱ्याचं. दाणा जास्त झाला, वारा कमी पडला, की ज्योत पिवळी पडते, आळसावते, धूर धरते. वारा जास्त झाला, दाणा कमी पडला, की ती नुसती फुरफुरते आणि धग पातेल्याला न लागता बाजूनं निघून जाते. दोन्हींचं जमवायचं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या खानावळीत क्लासची पोरं जेवतात, दवाखान्यातल्या नर्सबाया जेवतात, डबे जातात. गॅस सोडून ही भट्टी मी आणली, मीच लावतो, मीच बघतो. बाकी सगळं सुलेखाचं. भाजी तिची, गिऱ्हाईक तिचं, गोड बोलणंही तिचंच. माझ्याकडं फक्त ज्योत. ती मला नीट ठेवता येत नसंल तर या घरात माझं काम काय, हे मला कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. पण सगळे तेच विचारतायत असं मला दिवसभर वाटायचं.

"बटनाला हात कुणी लावला?" मी विचारलं. सुलेखा वळली नाही. "कोण लावतंय तुमच्या बटनाला हात," म्हणली, "कपडे घाला आधी." पारूबाई चाळणीतच बघत होती. मी दाणा कमी केला, वारा वाढवला. ज्योत खाली आली, फुरफुरायला लागली. पिवळेपणा काही लगेच गेला नाही, पण थोड्या वेळानं गेला, आणि मला वाटलं, चला, जमलं. त्या दिवशी वरण शिजलं नाही. डाळीचा दाणा न दाणा वेगळा पोहत होता. एका नर्सबाईनं डबा परत पाठवला, सोबत काही निरोप नाही. निरोप असता तर भांडता आलं असतं. सुलेखानं तो डबा माझ्यासमोर उघडला, बघितला, झाकण लावलं आणि मोरीत नेऊन ठेवला. बोलली नाही. तिनं बोलायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही दिवशी तेच. मी ज्योत लावून आंघोळीला जायचं, आणि परत येईपर्यंत ती पिवळी. एकदा न्हाणीत डोक्यावर तांब्या धरलेला असताना भट्टीतून तडतड ऐकू आली. मी तांब्या तसाच धरून उभा राहिलो. तडतडणं म्हणजे दाणा ओला, हे साधं गणित. मग राख काढताना भांड्याच्या बुडाशी खडा सापडला, काचेसारखा चिकटलेला, निम्मी भोकं बुजवून बसलेला. खडा धरतो म्हणजे दाण्यात माती. पिवळी ज्योत, तडतड, खडा. तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत होते, आणि त्या बाजूला होता राजकुमार. पेलेट तोच आणून टाकतो, छोटा हत्ती टेम्पो घेऊन. मी त्याला दारातच धरला. "माल ओला देतो. वरून माती." तो हसला. गोणीत हात घालून मूठभर दाणा त्यानं काढला, बोटांनी तोडला. कट्कन आवाज आला. "भाई, ओला रहता तो ऐसा तुटता क्या? चावून बघ हवं तर. पूरे औरंगाबादमें यहीच माल जाता, किसीकी शिकायत नै. तेराच काय रे असं होतंय?" शहराचं नाव बदललं तरी त्याच्या तोंडातलं बदललेलं नाही. माल वाळलेला होता, मलाही दिसत होतं. पण त्याचं शेवटचं वाक्य माझ्या कानात बसलं. तेराच काय रे. ते त्याला कुणी सांगितलं असंल, की माझंच असं होतंय? मी तर आत्ता बोललो. हा आधीपासून कुणाशी बोलत होता?

कंपनीत बॉयलरला एक बारकी खिडकी होती, तिला निळी काच. त्या काचेतून आत बघायचं आणि सांगायचं, आग कशी आहे. मी सांगायचो आणि लोक मानायचे. मोठे साहेबसुद्धा म्हणायचे, बुद्धभूषण काय म्हणतो ते बघा. मग नवा बर्नर आला, गॅसवरचा. ज्योत बघायला त्यांनी त्यात एक काचेचा डोळा बसवला. तो पापणी हलवत नाही, चहा मागत नाही, सुट्टी मागत नाही. मला हार घातला आणि घरी पाठवलं. घरी आलो त्या दिवशी सुलेखानं खिचडी केली होती, आणि आम्ही दोघांनी ती काही न बोलता खाल्ली. भट्टीची कल्पना मला नंतर सुचली. तेव्हा ती हसली होती मनापासून, लई दिवसांनी. मग एका पोरीनं येऊन आमचं रील केलं, धूर नसलेली खानावळ म्हणून. मी ज्योतीसमोर बसलोय, एक हात बटनावर, आणि वरून गाणं. ते कुठं कुठं गेलं. अनोळखी माणसं यायची, भट्टी बघायची, मला बघायची, मान डोलवायची. आधी बरं वाटलं. मग वाटायला लागलं, हे काय शोधतायत माझ्यात? त्यानंतरच झोप गेली असावी. खात्री नाही. मी पडून राहायचो आणि पंख्याचा आवाज ऐकायचो, भट्टीचा नाही, छताचा, आणि त्यातसुद्धा काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं.

माझा बाप, कडुबा, खुलताबादकडच्या गावात मजुरी करायचा. धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यानं घरातले देवांचे टाक, ताईत, काळे दोरे, सगळं एका टोपल्यात भरून नदीला नेऊन सोडलं, आणि तेव्हापासून घरात एकच कायदा. डोळ्यानं बघ, मग मान. मी लहान असताना तापानं फणफणलो होतो. बाप कामाला गेलेला बघून आईनं काहीतरी केलं चुलीपाशी, काय ते मला आठवत नाही, फक्त नाकात बसलेला ठसका आठवतो. बाप आला, दारातच थांबला, हवा हुंगली, आणि आईला एवढंच म्हणला, "पोराला दवाखान्यात न्यायचं सोडून हे करत बसलीस व्हय?" मग मला खांद्यावर टाकून चालत निघाला. मी बरा झालो. बापाचं खरं ठरलं. आईनं त्याच्याकडं कसं बघितलं असंल, हे माझ्या कधी मनातच आलं नाही. मी बापाचा पोरगा. डोळ्यानं बघायचं. आणि डोळ्याला रोज दिसत होतं, की मी आंघोळीला गेलो की माझ्या चुलीत कुणीतरी काहीतरी करतंय.

राजकुमार संशयातून सुटला म्हणल्यावर राहिली पारूबाई. शेंद्र्याकडची, धनगराच्या घरातली. नवरा अजून मेंढरं घेऊन रानोमाळ असतो, आणि ही सकाळी रिक्षानं येऊन आमच्या भाकऱ्या थापते. तिला ही भट्टी पहिल्यापासून पटलेली नव्हती. "मशिनीवर भाकर फुगत नाय दादा," म्हणायची, "भाकरीला जाळ समोरून लागतो, हे खालून फुंकतंय." आता आठवून बघितलं तर हे ती जरा जास्तच वेळा म्हणली होती. आणि भट्टीपाशी ती वाकायची, काहीबाही उचलायची, आणि मी बघतोय हे दिसलं की पदर सारखा करायची. पदर सारखा करणं यात काही नाही. पण एकदा बघायला लागलं की सगळ्यातच काहीतरी असतं. सुलेखा डबे द्यायला गेली होती तेव्हा मी तो काचेसारखा खडा पारूबाईपुढं धरला. "हे काय?" तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. "खडा हाय," म्हणली. "कशाचा?" तिनं पिठात हात घातला. "तुम्ही काही टाकता का भट्टीत?" तिनं माझ्याकडं वर बघितलं. तिच्या डोळ्यांत राग पाहिजे होता, तो नव्हता, आणि त्याचाच मला संशय आला. "मी नाय टाकत दादा," म्हणली. त्यातला 'मी' तिनं जरा वेगळा उच्चारला, असं मला आता वाटतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं, की ही काहीतरी लपवतेय. "उद्यापासून येऊ नका," मी म्हणलं. तिनं हात धुतले, परात पालथी घातली, दारात चपला घालताना थांबली. "बाईला जपा," म्हणली आणि गेली.

सुलेखाला मी सांगितलं, पारूबाईनं काम सोडलं, तिचं मन लागत नव्हतं. ती एकदम खाली बसली. "मला न सांगता?" म्हणली. "काय म्हणली ती? अजून काय म्हणली?" एवढी का घाबरली ही? बाई गेली तर दुसरी मिळते. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो आणि तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या तिनंच थापल्या. मी ज्योत लावली, लई निगुतीनं लावली, भांडं खरवडून, भोकं तारेनं मोकळी करून, दाणा जरा वाढवून, वारा त्याच्या मापात. अगदी पहिल्यासारखी ज्योत. मनात म्हणलं, आता बघू. आंघोळीला गेलो. परत आलो. पिवळी.

घरात दोघंच होतो. आता तिसरं कुणी नव्हतं. हे एवढं साधं वाक्य, पण ते मनात पुरतं उमटायला लई वेळ लागला. मी केस पुसत उभा राहिलो, कोरडे झाले तरी पुसत राहिलो. सुलेखाचा भाऊ संघपाल मागच्या महिन्यात येऊन गेला होता. त्याच्या ओळखीनं शेंद्र्यात एका गोदामावर जागा होती, रखवालीची. "भावजी, ही भट्टी विका, गॅस घ्या, तुम्ही तिकडं या, ताईच्या डोक्याचा ताप जाईल," असं तो म्हणला होता, आणि सुलेखा तेव्हा भांडी लावत होती, नको म्हणली नव्हती. हो पण म्हणली नव्हती. मग दोन-तीनदा तिला दारामागं हळू आवाजात फोनवर बोलताना ऐकलं होतं. मी आलो की "बरं, ठेवते" आणि बंद. आता सगळं जुळत होतं. भट्टी बिघडवायची. वरण कच्चं जाऊ द्यायचं. डबे परत येऊ द्यायचे. मग हा माणूस आपणहून म्हणंल, जातो बाबा गोदामावर. तोंडानं जा म्हणायची गरज नाही. आणि हे ती करतेय जिनं मला कंपनी सुटली तेव्हा खिचडी करून घातली, जी जयंतीला स्टेजवर उभी राहून बोलते तेव्हा मागच्या रांगेतली पोरंसुद्धा गप बसतात. मला राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला नाही. बायकोनं मला नको म्हणावं, हे मी सहन केलं असतं. पण माझ्या ज्योतीला हात लावून म्हणावं? माझ्याकडं तेवढंच तर होतं.

सकाळी नेहमीसारखा उठलो. नेहमीसारखी भट्टी लावली. ज्योत धरली, बुडाशी पांढुरकी झाली, तोपर्यंत बसलो. शर्ट काढून खुंटीला अडकवला, टॉवेल घेतला, न्हाणीत गेलो. बादलीखाली नळ सोडला, पाणी जोरात लागू दिलं, आणि दार हळूच पुढं करून फटीला डोळा लावला. लाज वाटली. लाज वाटली तरी डोळा काढला नाही. बापाचा कायदा, डोळ्यानं बघ. सुलेखानं ओट्याखालची बरणी उघडली. मूठ भरली. दुसऱ्या बरणीतून आणखी काही घेतलं. मग ती भट्टीकडं गेली नाही. ती खुंटीकडं गेली. माझ्या शर्टासमोर उभी राहिली, जसं माणसासमोर उभं राहावं तशी, आणि ती बंद मूठ त्या शर्टावरून, खांद्यापासून खालपर्यंत फिरवायला लागली. ओठ हलत होते. पाणी वाजत होतं म्हणून काही ऐकू येत नव्हतं. मी नळ बारीक केला. "आल्याची, गेल्याची," ती म्हणत होती, "वाटंवरच्याची, दारावरच्याची, मोबाईलात बघितलेल्याची." मग शर्टाची कॉलर तिनं हातानं सरळ केली. भट्टीपाशी आली, मूठ उघडली. मोहरी तडतडली, आणि ज्योत एकदम उठली, पिवळीजर्द.

मीठ. मिठानं ज्योत पिवळी होते. मिठानं राख वितळते, खडा धरते, भोकं बुजतात. हे काय मला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. पण बॉयलरवर बसलेल्या माणसाला आगीत मीठ टाकणारी बायको असते, हे काही कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत. दाणा चांगला होता, वारा बरोबर होता. ज्योत पिवळी दिसली की मीच दाणा कमी करत होतो, मीच वारा मारत होतो, मीच वरण कच्चं ठेवत होतो. तो ठसका आता नाकापर्यंत आला, आईच्या चुलीचा होता तसाच.

मी कोरडाच बाहेर आलो. तिनं माझ्या केसांकडं बघितलं, मागं वाजणाऱ्या नळाकडं बघितलं, आणि तिला सगळं कळलं. हात पदराला पुसत राहिली. "हसा आता," म्हणली. "मलाही कळतं हे खोटं आहे. तुमच्यापेक्षा जास्त कळतं. मी स्टेजवर हेच सांगते लोकांना."

"मग?"

"मग काय? डॉक्टरकडं चला म्हणलं, आला नाय. बोला म्हणलं, बोलला नाय. सगळा दिवस त्या भट्टीपुढं बसता आणि आमच्याकडं चोरासारखं बघता. झोपेत दात खाता. संघपालला फोन करून करून विचारलं, काय करू. तो म्हणला, भट्टी विक. ती विकली तर तुमचं काय राहिलं असतं? मग माझी आई नजर काढायची ते आठवलं. दुसरं काय होतं माझ्या हातात?"

विचारायचं काहीतरी म्हणून विचारलं, "नजर कुणाची लागली म्हणायची मला?"

"आधी वाटलं त्या रीलवाल्यांची," म्हणली. "मग वाटलं, तुमचीच."

मी खाली बघितलं. मग जे सांगायचं होतं ते सांगितलं, की पारूबाईनं काम सोडलं नव्हतं, मी काढलं तिला. सुलेखाचा चेहरा उतरला. "तिनं बघितलं होतं मला हे करताना," म्हणली. "मी म्हणलं, पारूबाई, यांना कळलं तर माझी शोभा होईल. ती म्हणली, माझ्या तोंडून नाय जायचं. सांडलेली मोहरीसुद्धा तीच टिपायची. अन् तुम्ही तिलाच..." तिनं फोन उचलला आणि माझ्या हातात दिला. "तुम्ही लावा. मी नाय लावणार."

पलीकडून आधी मेंढरं ऐकू आली, मग पारूबाई. "पारूबाई, चुकलं माझं," एवढंच म्हणलं. "बाई बरी हाय ना?" म्हणली. "हाय," मी म्हणलं. "मग येते उद्या. पर तुमच्या मशिनीवर भाकर फुगत नाय म्हणजे नाय, ते काय मी मागं घेणार नाय." मी म्हणलं, नका घेऊ. फोन ठेवला.

ज्योत अजून पिवळीच होती. माझा हात सवयीनं वाऱ्याच्या बटनाकडं गेला, बटनाला लागला, आणि तिथं तसाच राहिला. मीठ जळून गेलं की ज्योत आपोआप ताळ्यावर येणार होती, मी काही केलं नाही तरच. मी हात काढला. स्टूल ओढलं आणि त्यावर बसलो, सुलेखासमोर, उघड्या अंगानं. "शर्टावरून काय काढतीस," मी म्हणलं, "मी हाय की इथं. फक्त त्या भांड्यात टाकू नको, खडा धरतो. पाण्यात सोड."

तिनं बरणी घेतली, मूठ भरली, माझ्या डोक्यावरून हात फिरवायला लागली. मिठाचे चार खडे माझ्या खांद्यावर पडले. मी तिच्या कमरेच्या बाजूनं भट्टीकडं बघत होतो, ज्योत फिकी होतेय का ते.

"डोळे मिटा," ती म्हणली.

मी मिटले. तिच्या मागं भट्टीत दाणा पडत होता, थांबून थांबून, जसा पडायचा तसा.